वस्तीत पहिल्यांदा जाताय? आधी बाळाच्या तारखा लिहा

मुंबईत मानखुर्दच्या एका दहा बाय दहाच्या खोलीत माळ्यावर जाणाऱ्या शिडीला प्लास्टिकची पिशवी टांगलेली होती. पावसात घरात पाणी शिरलं तरी कागद भिजू नयेत म्हणून उंचावर. ताईंनी ती उतरवली आणि माझ्यापुढे चटईवर पालथी केली. माता-बाल संरक्षण कार्ड, प्रसूतिगृहाचा डिस्चार्जचा कागद, गावच्या रेशनकार्डाची झेरॉक्स, घरमालकाच्या नावाचं लाइट बिल, दोन पासबुकं, चौघांची आधार कार्डं. कागद एकूण एक होते. मुलगी चौदा महिन्यांची झाली होती, आणि तिच्या किंवा आईच्या नावावर कुठल्याच योजनेचा एक रुपयाही घरात आला नव्हता.

अशा पिशवीपुढे पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. नव्याने रुजू झालेल्या सेविका, कॉलेजातून फील्डवर्कला आलेली मुलं, संस्थेतर्फे घरभेटी करणारे, किंवा आपल्याच चाळीतल्या कुणाला मदत करू पाहणारी एखादी शेजारीण. चुका मीही भरपूर केल्यात, त्यातल्या एक-दोन पुढे येतीलच.

आधी हे समजून घ्या

गर्भाचे २७० दिवस आणि जन्मानंतरची दोन वर्षं, म्हणजे ७३० दिवस. बेरीज हजार. उंची, मेंदू, प्रतिकारशक्ती यांचा पाया या काळात पडतो. पाच वर्षांपर्यंत मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचलेलं असतं. या काळात सतत कमी पडलं की मूल खुरटतं, म्हणजे वयाच्या मानाने उंची मागे राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुरटलेली निघाली. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली २५.६ टक्के. म्हणजे तुम्ही गल्लीत शिरलात की तीन मुलांमागे एक असं मूल दिसणार, फक्त ते ओळखू येणार नाही. सगळीच मुलं तशी असली की तीच उंची आपल्याला नेहमीची वाटू लागते.

गरिबी बाळाच्या अंगात उतरते ती तीन वाटांनी. एक, ताटातून. दुसरी, आजारपणातून: नळाला ठरावीक वेळ पाणी, सार्वजनिक संडास, मग जुलाब, जुलाबात खाल्लेलं अंगी लागत नाही, की पुन्हा जुलाब. तिसरी वाट नवीन माणसाला दिसत नाही, ती आईच्या वेळेची.

गारमेंटचं धागा कटिंगचं काम घरी आणणारी एक वहिनी मला आठवते. पुढ्यात शर्टांचा ढीग, हातात छोटी कात्री, मांडीला टेकून अकरा महिन्यांचा मुलगा. नगावर पैसे, त्यामुळे हात थांबला की कमाई थांबली. पोर रडलं की पाच रुपयांचं खाऊचं पाकीट फोडून हातात द्यायचं. मी नवीन असताना तिला त्या पाकिटावरून भाषण दिलं होतं. ती शांतपणे म्हणाली, “ताई, वरण-भात करायला गॅस लागतो, पाणी लागतं, भरवायला अर्धा तास लागतो. हे पोराला हातात धरून खाता येतं.” त्यानंतर मी पाकिटावर भाषण दिलेलं नाही. पैसा कमी म्हणजे वेळही कमी, आणि बाळाला घास भरवायला, त्याच्याशी बोलायला लागतो तो वेळच. पैशाची मदत मुलाच्या वाढीपर्यंत पोचते ती बरीचशी याच मार्गाने. आईला ढीग थोडा वेळ बाजूला सारता येतो.

पहिली भेट: फॉर्म काढू नका

पहिल्या दिवशी फॉर्म बाहेर आला की समोरचा माणूस सरकारी उत्तरं द्यायला लागतो. नुसतं बसा. “महिन्याला किती मिळतं?” या प्रश्नाला खरं उत्तर नसतं, कारण मिळकत महिन्याची नसतेच. नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाला आठवड्यात तीन दिवस काम लागतं, कधी पाच, पावसाळ्यात कधी एकही नाही. म्हणून गेल्या आठवड्याचं विचारा: सोमवारी काम लागलं का? मंगळवारी? मग खर्च विचारा. भाडं, पाणी विकत घेत असतील तर त्याचे पैसे, भिशी, बचत गटाचा हप्ता, आणि आवाज खाली आणून, कुणाचं व्याज चालू आहे का. व्याज चालू असेल तर येणारे पहिले पैसे तिकडे जाणार हे धरून चाला. त्यावर नाक मुरडू नका. ते देणं आधी फिटलं तर पुढच्या महिन्यात दूध येण्याची शक्यता वाढते.

अजून एक विचारा, खोलीचं अ‍ॅग्रीमेंट कधी संपतंय. अकरा महिन्यांनी खोली बदलली की अंगणवाडी बदलते, आरोग्य सेविका बदलते, आणि बाळाचं नाव जुन्या यादीत राहतं किंवा कुठल्याच यादीत राहत नाही. माझ्या अनुभवात मुंबईत मुलं योजनेतून गळतात त्याचं सर्वांत मोठं कारण हेच. कोणी त्यांना वगळलेलं नसतं, ती फक्त तीन गल्ल्या पलीकडे राहायला गेलेली असतात.

तारखांची वही

दुसऱ्या भेटीत पिशवी उघडा आणि वहीच्या एका पानावर तारखा उतरवा. शेवटच्या पाळीची, गरोदरपणाच्या नोंदणीची, जन्माची, जन्मनोंदणीची, लशींची. योजनांची नावं नंतर. बाळाचे दिवस भराभर जातात आणि हप्ता रांगत येतो, त्यामुळे सगळं लक्ष घड्याळाकडे ठेवायचं.

जन्माची नोंद २१ दिवसांत. मुंबईत दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर माहिती तिथूनच महापालिकेकडे जाते, पण दाखला आपण जाऊन घ्यावा लागतो. बाळाचं नाव नोंदीत नंतर घालता येतं, वर्षाच्या आत घातलं तर त्याला शुल्क नाही. बारशाची वाट बघत दाखला अडवू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून बऱ्याच ठिकाणी हाच दाखला लागणार आहे.

इथे आपल्याकडचा एक खास घोळ सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात सातारला किंवा चिपळूणला जाते, बाळ तिथे जन्मतं, नोंद तिथे होते, आणि तीन-चार महिन्यांनी ती मुंबईत परत येते तेव्हा हातात फक्त टाक्यांचा कागद आणि डिंकाचे लाडू. नोंद जन्म झाला तिथेच होते, ती मुंबईत हलवता येत नाही. म्हणून माहेरी निघतानाच सांगून ठेवा: येताना दाखला, लशींच्या नोंदी केलेलं कार्ड आणि डिस्चार्जचा कागद घेऊनच गाडीत बसायचं.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचं घड्याळ असं चालतं. पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत. ३००० गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर, २००० जन्मनोंदणी आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लशी पूर्ण झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर ६००० एकरकमी. पहिल्या बाळासाठी अर्ज शेवटच्या पाळीपासून ५७० दिवसांत, दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून २७० दिवसांत. सुधारित नियमांत नवऱ्याचं आधार सक्तीचं राहिलेलं नाही, हे नवऱ्याने सोडलेल्या बायकांना आवर्जून सांगा, कारण अजून पुष्कळ ठिकाणी ते मागितलं जातं.

मानखुर्दची ती मुलगी चौदा महिन्यांची होती म्हणजे पाळीपासून सातशे दिवस उलटलेले. पहिल्या बाळाचे पाच हजार गेले ते गेलेच.

खातं तपासल्याशिवाय अर्ज टाकू नका

ही माझी स्वतःची चूक. एका ताईंचा अर्ज मी नीट भरला, पासबुकावरचा खाते क्रमांक दोनदा तपासला, मंजुरीही आली. पैसे काही दिसेनात. तीन महिने आम्ही बँकेत खेपा घालत राहिलो, काउंटरवर प्रत्येक वेळी “सर्व्हर डाउन” किंवा “वरून आलेच नाहीत”. शेवटी कळलं की रक्कम गावच्या एका जुन्या खात्यात जमा झालीये, जे लग्नाआधी उघडलेलं आणि ज्याचं पासबुक सासरी कुणी पाहिलंही नव्हतं.

असं का झालं? थेट लाभाचे, म्हणजे डीबीटीचे, पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला ज्या बँकेचं मॅपिंग असेल तिथे जातात. त्याला सीडिंग म्हणतात. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सीडिंग त्याच बँकेत असणं वेगळं. बँकेतला कारकून “आधार लिंक आहे” म्हणाला तरी पुढे विचारा, “डीबीटीसाठी सीडिंग इथेच आहे का?” आधारच्या संकेतस्थळावरही ते दिसतं, मात्र ओटीपीसाठी आधारला आईचाच चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. नवऱ्याचा नंबर असेल आणि नवरा पालघरच्या साइटवर असेल, तर तो दिवस गेला समजा. काहीच जुळत नसेल तर टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत आईच्या नावाने नवं खातं काढून सीडिंग तिकडे वळवता येतं.

खातं आईच्याच नावाचं असावं. लाभ आईच्या हातात पडला की ताटात उतरायची शक्यता जास्त, हे वस्तीत कुणालाही विचारा.

कोणत्या दारावर जायचं

पहिलं दार अंगणवाडीचं. तिथे रेशनकार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला तिथला आहार मिळायचा हक्क आहे, आणि गरोदर बाईला, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत आईलाही. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा कोरडा आहार, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात. तीन ते सहाच्या मुलांना गरम शिजवलेलं. कायद्यातला मूळ, २०१३ चा मापदंड रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा होता, कुपोषित मुलासाठी ८०० कॅलरींचा. टीएचआरची पाकिटं घरात सगळे मिळून संपवतात, हे जगजाहीर आहे. त्याबद्दल रागवण्याऐवजी आईबरोबर बसून एकदा ते बाळासाठी शिजवून दाखवा.

रेशनचं प्रकरण जास्त किचकट. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट. हातात केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळतंच असं नाही, प्राधान्य यादीत नाव आहे का ते पाहा. शहरी भागासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९,००० रुपये आहे. महिन्याला पाच हजारही नाहीत! मुंबईत तेवढ्यात खोलीचं भाडं निघत नाही. दिवसाला पाचशे कमावणारा, महिन्यात वीस दिवस काम लागणारा बिगारी या हिशोबाने श्रीमंत ठरतो. वर इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, भरला असल्याचं उत्तर मिळतं. तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी नकाराची कुठेच नोंद होत नाही. गावच्या प्राधान्य कार्डात नाव असेल तर अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य मुंबईच्या शिधावाटप दुकानातही उचलता येतं. बाळाचं नाव कार्डात चढवलं की पाच किलो वाढतात, हे राहूनच जातं.

बाकीच्या योजनांचं थोडक्यात. गरीब घरातल्या बाईचं बाळंतपण दवाखान्यात झालं तर जननी सुरक्षेचे शहरी भागात ६०० रुपये. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळं किंवा केशरी कार्ड आणि उत्पन्न लाखाच्या आत असेल तर, लेक लाडकी: जन्मल्यावर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८०००, अठराव्या वर्षी ७५,०००. चांगली योजना, पण बाळाच्या हजार दिवसांत त्यातले फक्त पहिले पाच हजार येतात. मुलाचे वडील किंवा आई वारली असेल, किंवा एकटं पालकत्व असेल, तर बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिना २२५०. ही सर्वांत कमी माहिती असलेली आणि सर्वांत उपयोगी. नवरा-बायकोपैकी कुणी बांधकामावर असेल तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी विचारा. वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर ती होते, आणि नोंदणी चालू असलेल्यांना बाळंतपणाचे १५,००० मिळतात, सिझेरियनचे २०,०००, दोन अपत्यांपर्यंत.

लाडकी बहीणचे महिना १५०० ज्यांना चालू आहेत त्यांची ई-केवायसी झाली आहे ना, एवढं बघा. नव्या अर्जांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. या योजनेवर राजकारण कितीही झालं तरी मला तिच्यातली एक गोष्ट आवडते, ती महिन्याच्या महिन्याला येते. लहान मुलाच्या घरात चार महिन्यांनी आलेल्या पाच हजारांपेक्षा दरमहा येणारे पंधराशे जास्त कामाचे.

पंधराशेचं काय होतं

हा हिशोब आईबरोबर कागदावर करा, तुम्ही एकट्याने करून तिला ऐकवू नका. अंडं सात-आठ रुपयांचं. बाळाला एक, आईला एक, महिन्याचे साडेचारशे. रोज अर्धा लिटर दूध साधारण नऊशे. झाले साडेतेराशे. उरलेल्यात शेंगदाणे. कागदावर छान दिसतं, आणि मग ती सांगते की या महिन्यात थोरल्याची वही-पुस्तकं आहेत. तेव्हा दूध कमी करा, पण बाळाचं अंडं शेवटी कापा.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं सुरू. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण-भात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. बाळाचं पोट वाटीएवढं असतं, म्हणून घास पातळ असून चालत नाही. शेंगदाण्याचा बारीक कूट, नाचणी, कुस्करलेलं अंडं. आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा, नंतर तीन-चारदा. चहात बुडवलेलं बिस्कीट हे जेवण नव्हे, पण ते बंद करा म्हणण्याऐवजी सकाळच्या एका बिस्किटाच्या जागी काय देता येईल ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा घरातच असतं: रात्रीची चपाती, दुधात मऊ करून.

पैशाने न होणारं काम

अमेरिकेत २०१८ पासून एक मोठा प्रयोग झाला. एक हजार गरीब बाळंतिणींपैकी काहींना दरमहा ३३३ डॉलर, बाकीच्यांना २०. बाळं वर्षाची झाली तेव्हा जास्त पैसे मिळालेल्या घरांतल्या बाळांच्या मेंदूलहरींत फरक दिसल्याचं जाहीर झालं आणि खूप गाजलं. मुलं चार वर्षांची झाल्यावर तपासलं, तेव्हा भाषा, वागणूक वगैरेंत दोन गटांत ठळक फरक सापडला नाही. उलट जमैकात १९८० च्या दशकात १२९ खुरटलेल्या मुलांवर काम झालं. काही घरांत दोन वर्षं दर आठवड्याला एक कार्यकर्ती जायची आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तसल्याच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली.

यावरून “पैसे देऊन काही होत नाही” असं म्हणणारे भेटतील. अमेरिकेतल्या घराची अडचण आणि मुंबईच्या बैंगनवाडीतल्या घराची अडचण एक नाही, इथे प्रश्न अंड्याचा आहे. पण जमैकाची गोष्ट मी मनावर घेतली आहे. कागद करायला जाल तेव्हा दहा मिनिटं बाळासाठी ठेवा. बाळ “आ” म्हणालं की आईने “काय रे, काय म्हणतोस?” म्हणायचं. बुवा-कुक. भांड्यावर चमचा वाजवणं. डाळ निवडताना “ही पिवळी, ही काळी”. धागे कापत कापतही हे होतं. त्या वहिनीने शर्टाची बटणं मोजायला सुरुवात केली होती, मोठ्याने, पोराच्या तोंडाकडे बघत. हात चालूच.

दंडाची पट्टी

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर मोजायची पट्टी कायम पिशवीत ठेवा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहत असेल तर पट्टीचा आकडा बघत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात कुपोषित मुलांसाठी वेगळं केंद्र आहे. दाखल करायला सांगितलं की घरात पहिला प्रश्न येतो: मग घरच्या दोघांना कोण बघणार आणि माझी रोजी? या प्रश्नाची तयारी करूनच रुग्णालयाचं नाव काढा. शेजारीण, नणंद, आजी, कुणाशी तरी आधी बोलून ठेवा.

नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, असं काही दिसलं तर “मुलगे उशिराच बोलतात” यावर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, सेविकेला त्याची तारीख विचारा आणि ती वहीत टाका.

वहीत आणखी एक तारीख आजच लिहा, तिसऱ्या वाढदिवसाची. त्या महिन्यात टीएचआर बंद होतो आणि गरम आहार सुरू होतो, पण तो खायला मूल रोज अंगणवाडीत जावं लागतं. आई कामावर, थोरली शाळेत, पोहोचवणार कोण? हे ठरलेलं नसेल तर मूल दोन्हीकडून सुटतं. म्हणून आधीच्या महिन्यात एक खेप घाला. दुपारी दोन ते चारच्या मधे जा, सकाळी पाण्याची वेळ असते.